दर भेटीला टीबीची विचारणा: एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी आणि त्यांना विचारणाऱ्यांसाठी

एआरटी सेंटरवर (एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं) गोळ्या घ्यायला गेलं की चार प्रश्न ठरलेले असतात. खोकला आहे का? ताप येतो का? वजन कमी झालंय का? रात्री घाम येतो का? पाच-सात वर्षं गोळ्या घेणाऱ्याला हे प्रश्न पाठ झालेले असतात, आणि उत्तरंही. रांग मोठी असते, परतीची एसटी गाठायची असते. "नाही, काही नाही" म्हटलं की कार्डावर खूण होते आणि माणूस औषधाच्या खिडकीकडे वळतो. सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं.

त्या अर्ध्या मिनिटाचं काय करायचं, त्याच्या आधी घरी काय करायचं आणि नंतर काय काय होतं, ते इथे पायरी-पायरीनं सांगतो. मागच्या भेटीतलं 'नाही' या भेटीला चालत नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

एकदा तपासलं, मग पुन्हा कशाला?

टीबीचा जंतू हवेतून फुफ्फुसात शिरतो आणि बहुतेकांच्या शरीरात वर्षानुवर्षं नुसता पडून राहतो. एचआयव्ही नसलेल्या माणसात असा झोपलेला जंतू जागा होऊन आजार करण्याची शक्यता उभ्या आयुष्यात साधारण ५ ते १० टक्के. एचआयव्ही असेल आणि एआरटी चालू नसेल, तर जवळपास तेवढीच शक्यता दर वर्षाला असते. एआरटीमुळे हा धोका खूप कमी होतो, सुमारे दोन तृतीयांशानं. पण उरलेला धोका राहतोच, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, दाबलेला असला तरी राहतो. शिवाय आपल्याकडे जंतूचा नवा संसर्ग लोकलच्या डब्यात, चाळीतल्या खोलीत, कारखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये कधीही होऊ शकतो. म्हणून जानेवारीत टीबी नव्हता, यावरून एप्रिलबद्दल काहीच ठरत नाही.

चार प्रश्नांची ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली सुचवली आणि आपल्या देशातही दर भेटीला तीच वापरतात. तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही माहीत असाव्यात. एआरटी अजून सुरू न झालेल्यांमध्ये दहापैकी जवळपास नऊ टीबीरुग्ण या प्रश्नांत सापडतात. एआरटीवर असलेल्यांमध्ये मात्र साधारण निम्मेच. गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती सुधारलेली असते, लक्षणं बोथट होतात. प्रश्न अर्धवट मनानं विचारले आणि घाईत उत्तरले, तर या निम्म्यातलेही निसटतात. सोबत छातीचा एक्स-रे काढला की सापडण्याचं प्रमाण बरंच वाढतं. म्हणून लक्षण नसलं तरी वर्षातून एकदा "माझा एक्स-रे काढायचा का?" असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

एक काळ विशेष जपायचा. एआरटी सुरू केल्यानंतरचे पहिले तीन महिने. प्रतिकारशक्ती परत उभी राहू लागते तेव्हा आत दबून असलेला टीबी अचानक उसळून दिसू लागतो: ताप, गाठी, धाप. लोकांना वाटतं गोळ्या बाधल्या, आणि ते गोळ्या सोडतात. गोळ्या सोडू नका, सेंटर गाठा.

भेटीच्या आधी, घरी

माझं ठाम मत आहे की तपासणी घरून सुरू झाली पाहिजे. टेबलासमोर उभं राहिल्यावर मागच्या तीन महिन्यांतलं काही आठवत नाही. एक छोटी वही करा किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

वजन महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच काट्यावर. गावात काटा नसेल तर उपकेंद्रात असतो, मेडिकलच्या दुकानात असतो. चप्पल काढून, साधारण तेवढ्याच कपड्यांवर. आकडा आणि तारीख लिहा. ६० किलोच्या माणसाचं वजन प्रयत्न न करता ३ किलोनं उतरलं, म्हणजे ५ टक्के गेलं; हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. तेवढं उतरायची वाट पाहायची असंही नाही. आता बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी गोळीवर (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डॉल्युटेग्राविर) पुष्कळांचं वजन वाढतं. असं वाढत असलेलं वजन थांबून खाली यायला लागलं, तर आकडा अजून 'चांगला' दिसत असला तरी तो बदल खरा आहे.

ताप थर्मामीटरनं मोजा, आणि संध्याकाळी मोजा. टीबीचा ताप पुष्कळदा दिवे लागणीच्या सुमाराला येतो, बारीक असतो आणि सकाळी उतरलेला असतो. सेंटर सकाळी असतं. तिथे कपाळाला हात लावून काही कळत नाही.

खोकला सुरू झाला त्या दिवशी तारखेवर गोल करा. बाकी काही लिहू नका, तेवढं पुरतं.

चार प्रश्न, नीट विचारलेले

हा भाग समुपदेशक, नर्स, काळजी-आधार केंद्राचा किंवा लिंक वर्कर योजनेचा कार्यकर्ता, गावातला कार्यकर्ता, सगळ्यांसाठी. रुग्णांनीही वाचावा, म्हणजे प्रश्नामागे काय शोधतात ते कळेल.

खोकला. इथे सगळ्यात मोठी गफलत होते. टीबीच्या जाहिरातींमुळे 'दोन आठवड्यांचा खोकला' सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. तो नियम इतरांसाठी. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला कितीही दिवसांचा खोकला असो, कालपासूनचा असो, तो 'हो' मध्ये धरायचा. "खोकला आहे का?" म्हटल्यावर माणूस नाही म्हणतो, कारण त्याला वाटतं खोकला म्हणजे छाती भरून येणारा. त्याऐवजी विचारा: ढास लागते का, रात्री उबळ येते का, सकाळी उठल्यावर बेडका पडतो का? तंबाखू-बिडीवाला म्हणतो, "तो तर नेहमीचाच." नेहमीचा असला तरी धरायचा. पावसाळ्यात घरात सगळेच खोकत असतात, म्हणून आपलाही तसाच, असंही कुणी म्हणतं. असेलही तसाच, पण ते तपासणी ठरवेल.

ताप. "अंगात कसर वाटते का? संध्याकाळी अंग मोडून येतं का, कणकण येते का? अधूनमधून क्रोसिन घ्यावी लागते का?" शेवटचा प्रश्न फार कामाचा. तापाला नाही म्हणणारे गोळीला हो म्हणतात.

वजन. आठवणीवर विश्वास नको. मागच्या भेटीचा आकडा कार्डावर आहे, तो आजच्या आकड्याशेजारी ठेवून पाहायचा. काटा बिघडलेला असेल तर बांगड्या सैल झाल्या का, पँटला नवं भोक पाडावं लागलं का, ब्लाऊज ढिला झाला का, हे विचारा. स्त्रिया हे चटकन सांगतात. सोबत भूक विचारा. "जेवण जात नाही" हे वाक्य वजन उतरायच्या आधी येतं.

रात्रीचा घाम. मे महिन्यात मुंबईत किंवा विदर्भात घाम कुणाला येत नाही? म्हणून विचारायचं ते असं: पंखा चालू असताना, बाकीचे कोरडे झोपलेले असताना, तुमची उशी किंवा बनियन भिजतं का? कपडे बदलावे लागतात का? तर तो घाम धरायचा.

चारपैकी एकाला जरी 'हो' आलं, तरी टीबीची तपासणी. दोन हवेत, तीन हवेत असं काही नाही.

मी यात आणखी दोन प्रश्न जोडतो. मानेला, काखेत, जांघेत गाठ किंवा अवधाण आलंय का? आणि घरात, शेजारी, कामावर कुणाला टीबीची औषधं चालू झाली आहेत का? एचआयव्हीमध्ये टीबी फुफ्फुसाबाहेर होण्याचं प्रमाण जास्त असतं: गाठींचा, पोटाचा, छातीत पाणी होण्याचा, मेंदूच्या आवरणाचा. गाठींचा टीबी असलेल्याला पुष्कळदा खोकला नसतोच. कायम डोकं दुखणं, मान आखडणं, बोलण्या-वागण्यात बदल, हे दिसलं तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही.

मुलं आणि गरोदर बायका

मुलांचे चार प्रश्न वेगळे आहेत: खोकला, ताप, वजन न वाढणं किंवा घटणं, आणि टीबी असलेल्या माणसाचा सहवास. मुलाचं वजन 'तेवढंच आहे' ही चांगली बातमी नसते. वाढत्या वयात ते वाढायलाच हवं. तक्ता उघडून रेघ बघा. मूल खेळायचं कमी झालं, एका जागी बसून राहतं, हे आईला किंवा आजीला आधी कळतं. त्यांचं ऐका.

गरोदरपणात वजन तसंही वाढत असतं, त्यामुळे टीबी झाकला जातो. दर तपासणीला चारही प्रश्न विचारायचे. गरज असेल तर पोटावर शिशाचं आवरण ठेवून छातीचा एक्स-रे काढता येतो. त्या भीतीनं तपासणी पुढे ढकलू नये.

'हो' आलं. आता पुढे

सगळ्यात आधी मास्क, आणि रांगेतून बाहेर. ही शिक्षा नाही. बाकड्यावर शेजारी बसलेल्यांचीही प्रतिकारशक्ती कमी असते, आणि त्यांच्यात कुणाचं सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ५० इतकं कमी असेल हे आपल्याला माहीत नसतं. खोकणाऱ्याला उघड्या खिडकीजवळ किंवा व्हरांड्यात बसवून त्याचं काम सगळ्यांच्या आधी करून द्यायचं. रुग्ण म्हणून तुम्हीही मागू शकता: "मला खोकला आहे, मला आधी घ्या." कुणाला राग येईल म्हणून गप्प बसू नका.

मग थुंकीचा नमुना. नमुना चांगला नसेल तर मशीन कितीही भारी असो, उपयोग नाही. पाण्यानं चूळ भरा. मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर जा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, रोखा, मग छातीच्या तळापासून खोका. आलेला बेडका थेट डबीत. तोंडातली नुसती लाळ चालत नाही. सकाळी उठल्याउठल्याचा नमुना सगळ्यात चांगला. बेडका येतच नसेल तर 'येत नाही' म्हणून विषय संपत नाही. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढता येतो. लहान मुलांचा नमुना पोटातल्या पाण्यातून किंवा शौचातूनही तपासता येतो, कारण मुलं बेडका गिळतात. गाठ असेल तर सुईनं तिच्यातला नमुना घेतात.

नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर गेला पाहिजे. ट्रूनॅट हे गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, त्यामुळे तालुक्याच्या पातळीवरही ते पोचलं आहे. या दोन्ही तपासण्या जंतूचा जनुकीय अंश शोधतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही सांगतात. जुन्या पद्धतीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी एचआयव्हीमध्ये पुष्कळदा फसते. प्रतिकारशक्ती कमी असली की फुफ्फुसात पोकळ्या फारशा होत नाहीत, थुंकीत जंतू थोडे उतरतात आणि काचपट्टीवर दिसत नाहीत. कुठे फक्त काचपट्टी करून 'निगेटिव्ह' म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे विचारा: सीबीनॅट झालं का?

सीडी४ खूप खाली गेलेलं असेल किंवा माणूस अॅडमिट असेल, तर जिथे उपलब्ध आहे तिथे लघवीतून होणारी लॅम तपासणीही करतात. पट्टीवरची तपासणी आहे, अर्ध्या तासात उत्तर मिळतं. थुंकी न देऊ शकणाऱ्या आजारी माणसासाठी ती जीव वाचवणारी ठरते. ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं मात्र नव्हे.

आधी टीबी होऊन गेलेल्यांनी ते आवर्जून सांगायचं. जुन्या, मेलेल्या जंतूंचा अंश काही वेळा मशीनला सापडतो आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. अशा वेळी डॉक्टर लक्षणं आणि एक्स-रे पाहतात, गरज पडल्यास कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं, मागवतात. कल्चरला काही आठवडे लागतात.

श्वास मिनिटाला ३० च्या वर, ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर, नाडी १२० च्या वर, किंवा आधाराशिवाय चालता येत नाही: यातलं एक जरी असलं तर रिपोर्टची वाट न पाहता दवाखान्यात भरती.

रिपोर्ट निगेटिव्ह, त्रास चालूच

लोक हरवतात ते नेमके इथे. रिपोर्ट निगेटिव्ह आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, रुग्ण घरी जातो आणि खोकला तसाच. मग गल्लीतल्या दवाखान्यातून खोकल्याचं औषध येतं, पाच दिवसांची अँटिबायोटिक येते. ती लेव्होफ्लॉक्सासिन किंवा त्याच जातीतली असेल तर घात होतो: हे औषध टीबीच्या जंतूवरही चालतं, चार दिवस बरं वाटतं, टीबी झाकला जातो आणि निदान महिना-दोन महिने मागे पडतं. खासगी डॉक्टरांकडे गेलात तर "माझी टीबीची तपासणी चालू आहे" एवढं तरी सांगा. एचआयव्ही सांगायचा की नाही हा तुमचा निर्णय, पण सांगितलात तर औषध निवडताना त्यांना मदत होते.

निगेटिव्ह रिपोर्टनंतर पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नका. आठवड्या-दहा दिवसांत पुन्हा दाखवायचं. तोवर लक्षण गेलं नसेल तर नवा नमुना, एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, गाठ शोधणं, जे लागेल ते. एक्स-रे स्वच्छ दिसला तरी एचआयव्हीमध्ये टीबी असू शकतो, हे डॉक्टरांना माहीत असतं; घरच्यांनाही माहीत असावं.

चारही 'नाही': मग प्रतिबंधक औषध

खरोखर नीट विचारून चारही उत्तरं 'नाही' आली, की त्या तपासणीचं दुसरं काम सुरू होतं: टीबी होऊ नये म्हणून औषध देणं. पद्धती मुख्यतः दोन. आयसोनियाझिड रोज, ६ महिने. किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, १२ डोस. सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून. आठवड्याचा कोर्स टीएलडीसोबत चालतो. अॅटाझानाविर किंवा लोपिनाविर चालू असेल तर चालत नाही, म्हणून आपल्या एआरटीचं नाव माहीत असू द्या.

आधी तपासणी, मग प्रतिबंध, हा क्रम कधीही उलटवायचा नाही. आत खरा टीबी असताना एकटं आयसोनियाझिड दिलं, तर जंतू त्या औषधाला सरावतो. म्हणून औषध सुरू करायच्या दिवशी प्रश्न पुन्हा, आणि कोर्स चालू असताना दर भेटीला पुन्हा. काविळीचा आजार चालू असेल, रोजची दारू असेल, हातापायांना आधीच बधिरपणा असेल तर ते आधी सांगा. रिफापेंटिननं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सेंटरला जा.

कोर्स पूर्ण झाला म्हणजे प्रश्न संपले, असा समज रुग्णांमध्येही आहे आणि काही कर्मचाऱ्यांमध्येही. प्रतिबंधक औषधानं धोका घटतो. विचारणा तशीच चालू राहते.

टीबी निघाला तर

टीबीचा उपचार आधी सुरू होतो. एआरटी चालू असेल तर ती थांबवायची नाही. सुरू व्हायची असेल तर काही दिवसांनी, डॉक्टर ठरवतील तेव्हा. मेंदूच्या टीबीत मुद्दाम उशिरा. टीएलडीवर असलेल्यांनी एक गोष्ट स्वतः लक्षात ठेवायची: रिफाम्पिसिन डॉल्युटेग्राविरचा परिणाम कमी करतं. म्हणून टीएलडी घेतल्यावर १२ तासांनी डॉल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे ती चालू ठेवायची असते. टीबीचं औषध दुसऱ्या ठिकाणाहून, एआरटी इथून, असं असेल तर ही जादा गोळी दोघांच्या मध्ये राहून जाऊ शकते. विचारून घ्या.

सरकारच्या टीबी नोंदणीच्या निक्षय पोर्टलवर नोंद झाली की पोषणासाठी पैसे थेट बँक खात्यात येतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १,००० रुपये आहे, आधी ५०० होती. घरात इतरांची तपासणी होईल, ती होऊ द्या. घरी येणाऱ्या कार्यकर्त्यानं घरच्यांसमोर किंवा शेजाऱ्यांसमोर एचआयव्हीचा शब्द काढायचा नसतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि तुमच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करायला तो मनाई करतो.

उपचार पूर्ण झाल्यावर चार प्रश्न पुन्हा सुरू. टीबी एकदा होऊन गेलेल्याला तो परत होऊ शकतो.

तीन महिन्यांच्या गोळ्या, आणि दूर गेलेली माणसं

तब्येत स्थिर असलेल्यांना आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. ही सोय चांगलीच आहे. मजुरी बुडत नाही, प्रवासखर्च वाचतो. पण भेटी कमी झाल्या की विचारणाही कमी होते, आणि टीबी तीन महिने थांबत नाही. म्हणून मधल्या प्रत्येक महिन्यात स्वतःला किंवा घरच्या माणसाला चार प्रश्न विचारायचे. महिन्याची पहिली तारीख, पगाराचा दिवस, संकष्टी, जे लक्षात राहील ते धरा. एक जरी 'हो' आलं तरी तारीख यायची वाट पाहायची नाही. गोळ्या शिल्लक असल्या तरी सेंटरवर जाता येतं. कर्मचाऱ्यांनी या मधल्या काळात एक फोन करावा, आणि फोनवर 'कसे आहात' न विचारता चारही प्रश्न विचारावेत.

नवऱ्याच्या गोळ्या बायको नेते, आईच्या मुलगा. कार्डावर चार वेळा 'नाही' लिहिलं जातं आणि प्रत्यक्ष माणूस सहा महिन्यांत कुणी पाहिलेलाच नसतो. आलेल्या माणसाला विचारा, आणि तिथल्या तिथे रुग्णाला फोन लावा. लागोपाठ दोनदा नातेवाईकच आला तर तिसऱ्या वेळी रुग्णाला यायला सांगा. येता येत नसेल तर का येता येत नाही, हाच पहिला प्रश्न. अंथरुणाला खिळलेला माणूस 'ठीक आहे' असं घरच्यांकडून कळवलं जातं.

बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघतात ती गाळप संपेपर्यंत, चार-पाच महिने, कोप्यांमध्ये राहतात. दाट वस्ती, धूर, थंडी, अर्धपोटी काम. निघण्याआधी सेंटरला सांगा: एक टीबी तपासणी करून घ्या, लागतील तेवढ्या गोळ्या घ्या आणि जिथे जाणार त्या भागातलं एआरटी सेंटर कोणतं ते लिहून घ्या. एआरटी सेंटरनं दिलेली हिरवी वही सोबत ठेवा. ती दाखवली की दुसऱ्या सेंटरवर तात्पुरत्या गोळ्या मिळू शकतात, आणि तिथेही चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत. परत आल्यावर पहिल्या भेटीत वजन मोजून जातानाच्या आकड्याशी ताडून पाहा. कष्टानं दोन किलो गेलं असं सगळेच म्हणतात. तरी थुंकी द्या.

काही अडलं तर एड्स हेल्पलाइन १०९७ आणि टीबीची निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६ या दोन्ही क्रमांकांवर फोन फुकट लागतो. जवळचं सेंटर कुठे, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट कुठे होतं, पोषणाचे पैसे का आले नाहीत, हे तिथे विचारता येतं.